चालणाऱ्याचा मान



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर पायी हिंडले. शाळेत पायी, मंडईत पायी, सभेला पायी. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय कोणता, याचा विचार करताना मला दुसरे काही सुचले नाही. पायी चालणारा माणूस झेब्रा क्रॉसिंगपाशी उभा राहतो, तेव्हा गाडी चालवणाऱ्याने त्याच्यासाठी थांबावे, एवढाच आजचा विषय आहे.

स्मृतिव्याख्यानासाठी हा विषय फार लहान आहे, असे कुणाला वाटेल. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सरासरी नव्वद. आजचे हे व्याख्यान तासभर चालले, तर त्या हिशेबाने तेवढ्या वेळात तीन ते चार माणसे जातात. ही माणसे कुणाला धडक देऊ शकत नव्हती. ती कामाला निघाली होती, शाळेतून परतत होती, दूध आणायला रस्त्यापलीकडे चालली होती. विषय लहान म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा मोठ्याने वाचून पाहावा.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, कारण गाडी चालवणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित माणसांना तो ठाऊक नसतो. केंद्र सरकारचे मोटार वाहन चालवण्याविषयीचे २०१७चे विनियम आहेत. सिग्नल नसलेल्या पादचारी क्रॉसिंगजवळ येताना चालकाने वेग कमी करावा, थांबावे आणि पायी चालणाऱ्याला, व्हीलचेअरवरच्या माणसाला वाट द्यावी, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. पुढे वाहने तुंबली असतील आणि पलीकडे जाता येणार नसेल, तर पट्ट्यांवर गाडी नेऊ नये, हेही लिहिले आहे. पादचारी, सायकलवाले, मुले, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर टाकले आहे. म्हणजे थांबणे हा चालकाचा मोठेपणा नव्हे. समोरच्या माणसाचे जे आहे ते त्याला देणे आहे.

आता आपल्या कोणत्याही शहरातला वर्दळीचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. पट्टे आहेत, अर्धे पुसलेले. एक बाई पिशवी घेऊन कडेला उभ्या आहेत. गाड्या येतात आणि जातात. बाई एक पाऊल पुढे टाकतात, मागे घेतात. मग हात पुढे करून त्या निघतात. दुचाकीवाले थांबत नाहीत, वळसा घालून एक पुढून जातो, एक मागून. लांबून येणारी मोटार वेग कमी करण्याऐवजी डिपर मारते. आपल्याकडे त्या दिव्याचा अर्थ ‘मी येतोय, बाजूला हो’ असा आहे. ब्रिटनमधला चालक बहुधा तोच दिवा ‘तुम्ही जा’ म्हणून दाखवतो. बाई दुभाजकापर्यंत पोचतात आणि दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा तेच सुरू होते. आपण हे इतक्या वेळा पाहतो की यात कुणाचा तरी हक्क डावलला गेला, हे जाणवतच नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते. ‘आपल्या लोकांच्या रक्तातच शिस्त नाही. जपानमध्ये पाहा.’ हे उत्तर देणारा माणूस स्वतःला त्या लोकांतून हळूच वगळतो, हे एक. शिवाय त्यातून काही करण्याची वाटच उरत नाही, कारण रक्त बदलता येत नाही. म्हणून आपण खरोखरच जपानमध्ये पाहू. मला तिथली गोष्ट सविस्तर सांगायची आहे.

जपानमध्ये मोटारचालकांचा एक मोठा महासंघ आहे, ‘जाफ’ या नावाने ओळखला जाणारा. आपल्याकडे गाडी बंद पडली की मेकॅनिक शोधावा लागतो. तिथे या संस्थेचा सभासद फोन करतो आणि मदत येते. म्हणजे ही गाडीवाल्यांची संस्था, पादचाऱ्यांची नव्हे. तिने २०१६पासून दर वर्षी एक साधी मोजणी सुरू केली. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर संस्थेचा माणूस रस्ता ओलांडायला उभा राहायचा आणि येणाऱ्या गाड्यांपैकी किती थांबतात ते टिपून घ्यायचे. पहिल्या वर्षीचा निकाल होता ७.६ टक्के. शंभरात आठसुद्धा नाहीत. ज्या देशात दुकानदार गिऱ्हाईकाला कमरेत वाकून नमस्कार करतो, त्या देशात. आणि कायदा? तिथल्या रस्ते वाहतूक कायद्याच्या ३८व्या कलमानुसार क्रॉसिंगजवळ कुणी ओलांडत असेल किंवा ओलांडू पाहत असेल, तर थांबणे बंधनकारक आहे. क्रॉसिंगच्या आधीच्या ३० मीटरमध्ये पुढच्या गाडीला मागे टाकता येत नाही. क्रॉसिंगपाशी आधीच एखादी गाडी थांबलेली असेल, तर तिच्या बाजूने जाणाऱ्यालाही आधी थांबावे लागते. पुढे क्रॉसिंग आहे हे कळावे म्हणून ५० आणि ३० मीटर अलीकडे रस्त्यावर पत्त्यांतल्या चौकटसारखी पांढरी खूण रंगवलेली असते. संस्कार होते, कायदा होता, खुणा होत्या. आणि शंभरातल्या नव्वदाहून अधिक गाड्या थांबत नव्हत्या.

२०१८ साली प्रांतवार आकडे जाहीर झाले. देशाची सरासरी ८.६ टक्के. नागानो या डोंगराळ प्रांतात ५८.६ टक्के गाड्या थांबल्या आणि तोचिगी प्रांतात ०.९ टक्का. एकच भाषा, एकच कायदा, परवान्यासाठी एकच परीक्षा, आणि इतका फरक! ‘रक्तात असते’ हे उत्तर या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. तोचिगीची देशभर नाचक्की झाली. तिथल्या प्रशासनाने ती झटकून टाकली नाही. आम्ही थांबत नाही, हे उघड कबूल करून मोहीम हाती घेतली. पोलिसांनीही देशभर पादचाऱ्यांना वाट न देणाऱ्यांवर कारवाई वाढवली. साध्या मोटारीला ९,००० येन दंड आणि परवान्यावर दोन दोषगुण चढतात. पुढच्या वर्षी देशाची सरासरी १७.१ टक्के झाली, म्हणजे जवळपास दुप्पट. २०२१मध्ये ३०.६. २०२४मध्ये ५३ टक्के. सहा वर्षांत बारातला एक चालक थांबत होता तिथे दोनातला एक थांबू लागला. माणसे तीच आहेत.

न थांबणाऱ्या चालकांना कारणेही विचारली गेली. समोरून येणारा थांबत नाही, मग मी थांबून त्या माणसाला धोक्यातच घालतो, असे अनेकांनी सांगितले. मी गेल्यावर तो ओलांडेलच, मागे कुणी नाही. तो ओलांडणार आहे की नुसता उभा आहे ते कळत नाही. मी थांबलो तर मागचा येऊन धडकेल. ही कारणे वाचताना मला वाटले, ही तर आपलीच माणसे बोलत आहेत. पुण्यातला रिक्षावाला हेच सांगतो. आणि ती सबबी आहेत, तितकीच खरीही आहेत. एकटा चालक थांबतो तेव्हा तो स्वतः धोका पत्करतो. सगळे थांबतात तेव्हा कुणालाच धोका राहत नाही. हा टप्पा एकट्याच्या चांगुलपणाने ओलांडता येत नाही, त्याला सार्वजनिक व्यवस्था लागते.

‘तो ओलांडणार आहे की नाही ते कळत नाही’ या कारणावर जपानने एक साधा उपाय केला. रस्ता ओलांडताना हात वर करा, ही जुनी शिकवण तिथल्या पोलिसांच्या मार्गदर्शिकेतून १९७८मध्ये गळाली होती. २०२१मध्ये ती परत आणली गेली. आपल्याकडे हात दाखवून रस्ता ओलांडण्याची रीत कधी गेलीच नव्हती. फक्त आपला हात अजीजीचा आहे, त्यांचा हात सूचनेचा. नागानोमध्ये शाळकरी मुले रस्ता ओलांडून पलीकडे गेली की वळून थांबलेल्या चालकाला वाकून नमस्कार करतात. ही मुलेच मोठेपणी गाडी चालवतात, म्हणून आमच्याकडे गाड्या थांबतात, असे तिथले लोक सांगतात. एवढ्या एका कारणाने सगळे घडले, असे मी म्हणणार नाही. पण ज्याने लहानपणी थांबलेल्या गाडीसमोरून निर्धास्त चालण्याचा अनुभव घेतला, त्याला मोठेपणी थांबणे अवघड जात नसावे. आपल्या मुलांना तो अनुभव एकदा तरी मिळतो का? आपण त्यांना पळायला शिकवतो.

ब्रिटनची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९३०च्या कायद्याने तिथे मोटारींवरची वेगमर्यादाच काढून टाकली होती. १९३४ साली रस्त्यांवर ७,३४३ माणसे गेली. त्या वर्षी लेस्ली होर-बेलिशा नावाचे नवे वाहतूकमंत्री आले. त्यांनी पादचारी क्रॉसिंगच्या दोन्ही टोकांना काळ्यापांढऱ्या खांबावर नारिंगी गोल उभे केले. आजही त्यांना बेलिशाचेच नाव आहे. वस्त्यांमध्ये ताशी ३० मैलांची मर्यादा आणि चालकांची सक्तीची परीक्षाही त्याच काळात आली. पण रस्त्यावर क्रॉसिंगची खूण म्हणून धातूचे खिळे बसवले होते आणि ते चालकाला लांबून दिसत नसत. म्हणून १९४९पासून निरनिराळ्या रंगांचे पट्टे करून पाहिले गेले आणि १९५१मध्ये काळेपांढरे पट्टे कायद्यात आले. मला या क्रमाचे महत्त्व वाटते. चालक थांबत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी आधी विचारले, की चालकाला क्रॉसिंग दिसते का? पुढे १९७१मध्ये क्रॉसिंगच्या अलीकडे नागमोडी रेषा आल्या. तिथे गाडी उभी करायची नाही आणि क्रॉसिंगला सर्वांत जवळ असलेल्या गाडीला मागे टाकायचे नाही. कारण सर्वांत वाईट अपघात एक सज्जन चालक थांबल्यावर होतो. तो थांबतो, माणूस पुढे येतो, आणि थांबलेल्या गाडीच्या आडून दुसरी भरधाव येते. सौजन्य एकट्याचे असले तर ते मारक ठरू शकते, हे तिथल्या अभियंत्यांनी ओळखले. २०२२च्या जानेवारीपासून तिथली नियमावली आणखी पुढे गेली आहे. झेब्रावर पाऊल ठेवलेल्यालाच नव्हे, कडेला वाट पाहत उभ्या असलेल्यालाही चालकाने वाट द्यावी, असे तीत आता म्हटले आहे.

वेगाचा हिशेब मात्र सावकाश केला पाहिजे. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात सव्वाआठ मीटर जाते. माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. मग कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी पाचेक मीटर लागतात. एकूण तेरा-चौदा मीटर. तीच गाडी ५०ने चालली असेल तर त्या पहिल्या सेकंदातच चौदा मीटर जाते. म्हणजे तिशीतली गाडी जिथे थांबलेली असते, तिथे पन्नाशीतल्या चालकाचा पाय नुकता ब्रेकला लागत असतो. माणूस चौदा मीटरवर असेल, तर पहिल्याच्या बाबतीत काही घडत नाही आणि दुसऱ्याच्या बाबतीत जवळजवळ पूर्ण वेगाने धडक बसते. चालकाचे मन दोन्ही वेळा सारखेच चांगले असू शकते. म्हणून मी म्हणतो, की थांबण्याची तयारी क्रॉसिंगच्या बरीच अलीकडे, वेगाच्या काट्यावर ठरते. जो ५०ने येतो त्याने न थांबण्याचा निर्णय आधीच घेतलेला असतो.

आणि ५०ने यायला त्याला कोण सांगते? पुष्कळदा रस्ताच सांगतो. आपण चौकांचे कोपरे गोलाकार आणि ऐसपैस करतो, म्हणजे डावीकडे वळणाऱ्याला वेग कमी करावा लागत नाही. वर ‘फ्री लेफ्ट’ची पाटी लावतो. त्या वळणावर चालणाऱ्याला सिग्नलच्या कोणत्याही फेरीत मोकळी वेळ मिळत नाही. क्रॉसिंगला खेटून मोटारी उभ्या करू देतो, मग त्यांच्या आडून येणारे लहान मूल चालकाला दिसत नाही. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे साधारण धरले जाते. १८ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबाने १५ सेकंद लागतात. गुडघे दुखणारी आजी सेकंदाला ०.८ मीटर चालली तर तिला बावीस-तेवीस सेकंद हवेत. तिने काय करावे? उरलेल्या वेळासाठी तिला चालकाच्या दयेवर सोडून देणारी योजना आपण कागदावरच मंजूर करतो. याउलट क्रॉसिंग पदपथाच्या उंचीला उचलून घेतले, टेबलासारखे, तर गाडीला हळू व्हावेच लागते आणि चालणाऱ्याला पायरी उतरावी लागत नाही. शाळा, दवाखाना, बसथांबा यांच्यासमोर तरी असे क्रॉसिंग असावे, हे माझे आग्रहाचे मागणे आहे.

आपण थांबू शकत नाही, हे खरे नाहीच. आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात, तेव्हा तासन्‌तास वाहने उभी असतात. हॉर्न वाजत नाही. चालक खाली उतरतात, वाट करून देतात, ‘माउली’ म्हणून वारकऱ्याच्या पायाला हात लावतात. पण तीच वारकरी बाई दोन महिन्यांनी एकटी तालुक्याच्या बाजारात आली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली, तर तिच्यासाठी कुणी थांबत नाही. दिंडीत तिच्यामागे लाखोंची संख्या होती, पोलिसांचा बंदोबस्त होता, परंपरेचा धाक होता. एकटीमागे यांतले काहीच नाही. एकट्या माणसामागे उभे राहण्यासाठीच तर कायदा असतो.

आणि आपल्याच देशात ऐझॉल आहे. मिझोरामच्या या राजधानीत अरुंद, चढउताराच्या रस्त्यांवर दुचाकी आपल्या बाजूने एकामागे एक उभ्या राहतात, मोटारी आपल्या रांगेत. मोकळ्या बाजूने कुणी घुसत नाही, हॉर्न क्वचित ऐकू येतो. तिथल्या समाजात दुसऱ्यासाठी स्वतः मागे राहण्याला मोठी प्रतिष्ठा आहे आणि वस्तीवस्तीतल्या संघटना ती जपतात. भारतीय माणसाला हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्याने ऐझॉलला भारतातून वगळावे लागेल.

मला आणखी एक गोष्ट गंभीरपणे मांडायची आहे. आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात, केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून ज्यांच्या वापराबाबत कुणाही नागरिकावर निर्बंध घालता येणार नाही अशा सार्वजनिक जागा सांगितल्या आहेत. विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या बरोबर तिथे रस्ते हा शब्द आहे. तो शब्द उगाच आलेला नाही. १९२४ साली त्रावणकोरात वायकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून सत्याग्रह करावा लागला. १९२७ साली महाडला चवदार तळ्यासाठी तेच करावे लागले. तो अन्याय आणि आजचा झेब्रावरचा अनुभव एकाच तोलाचे आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. पण रस्ता सर्वांचा, हे वाक्य या देशात फुकट मिळालेले नाही, याची आठवण ठेवली पाहिजे. आज रस्त्यावर पायी कोण असते? धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर, शाळेची मुले, बसने जाणारे, म्हातारी माणसे. गाडीत कोण असते, तेही आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्यात कुणी कुणासाठी थांबायचे, हा प्रश्न केवळ वाहतुकीचा नाही. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा पादचाऱ्यांचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. पदपथ संपतो तिथे झेब्रा सुरू होतो. हक्क तिथे संपत नाही.

पुण्यात महापालिकेने २०२१पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन सुरू केला. लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवशी वाहनांना बंद ठेवला गेला. लोक रस्त्याच्या मधून मुलांना घेऊन हिंडले. मला तो उपक्रम मनापासून आवडतो. पण एक दिवस गाड्या हटवणे आणि रोज गाड्या थांबवणे यांत दुसरे अधिक कठीण आहे, आणि आपल्याला दुसरेच हवे आहे.

त्यासाठी मी सरकारकडे जाण्याआधी तुमच्याकडे आलो आहे. दुचाकीचा परवाना काढताना आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. क्रॉसिंगवर थांबून दाखवावे लागावे, अशी मागणी आपण परिवहन विभागाकडे जरूर करू. पट्टे दर वर्षी रंगवा, फ्री लेफ्ट बंद करा, हेही मागू. पण जपानचा अनुभव सांगतो, की आकडा चव्हाट्यावर आला आणि मग गोष्टी हलल्या. तो आकडा काढायला गाडी लागत नाही, यंत्र लागत नाही, परवानगीही लागत नाही.

आपल्या गावातली सिग्नल नसलेली दोन क्रॉसिंग निवडावीत, एक शाळेजवळचे आणि एक बाजाराजवळचे. पट्टे स्पष्ट दिसत नसतील तर ती निवडू नयेत, नाहीतर चालकाला सबब मिळते. कामाचा दिवस, पाऊस नसलेला, सकाळी दहा ते दुपारी चार. एका प्रौढ माणसाने कडेला उभे राहून हात वर करावा. दोघांनी लांबून टिपावे, की कोणते वाहन आले, थांबले की नाही. मोटार, दुचाकी, रिक्षा, बस, टेम्पो यांचे रकाने वेगळे ठेवावेत. गाडी क्रमांक लिहू नयेत, कुणाला पकडायचे नाही. पन्नास वेळा रस्ता ओलांडून झाला की मोजणी संपली. पुढच्या वर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात पुन्हा. पहिला आकडा शून्याच्या आसपास येईल. तो तसाच स्थानिक वर्तमानपत्रात छापून आणावा आणि शेजारच्या गावाचा आकडा त्याच्या बाजूला छापावा.

मुलांना या कामात घेतले तर त्यांना मोजणीला बसवावे, ओलांडायला लावू नये. तक्त्याच्या प्रती मी आणल्या आहेत, मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्या शाळांना आणि मंडळांना हव्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात, आणि कोणते क्रॉसिंग निवडले ते संयोजकांकडे लिहून ठेवावे, म्हणजे एकाच जागी दोघांची मोजणी होणार नाही.